घाट, गिअर आणि ताकद

एस.टी.ची गाडी घाटाच्या पायथ्याशी आली की चालक गिअर बदलतो, हे आपल्या सगळ्यांच्या कानांना माहीत असते. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, गाडी मात्र मंदावते. चालकाने गिअर का बदलला, असे आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहा. 'ताकद वाढवण्यासाठी' हे उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळेल. शिक्षकांच्या एका शिबिरात मी हाच प्रश्न विचारला तेव्हाही हेच उत्तर आले. मग पुढचा प्रश्न विचारला : ताकद म्हणजे काय? बल, ऊर्जा की शक्ती? यावर बरीच चर्चा झाली आणि ती चहाच्या सुट्टीतही चालू राहिली. 'ताकद' हा आपला रोजचा शब्द या तिन्ही राशींना एकाच पोत्यात भरतो. गिअरबॉक्स समजून घ्यायचा तर ते पोते आधी सोडवायला हवे.

सुरुवात सायकलीपासून करू. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही साध्या सायकलीचे पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मुलांना मोजायला सांगा. समजा, पुढे ४४ आणि मागे १८ निघाले. पायडलाचा एक फेरा झाला की साखळीचे ४४ दुवे सरकतात, म्हणजे मागचे चक्र ४४ भागिले १८, अर्थात सुमारे २.४४ फेरे घेते. चाकाचा परीघ दोरीने मोजला तर साधारण २.२ मीटर भरेल. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. त्याच वेळात आपले पाऊल किती अंतर कापते? पायडलाची दांडी सुमारे १७ सेंटिमीटर असते, म्हणजे पाऊल एका फेऱ्यात १.०७ मीटरचे वर्तुळ काढते. सायकल पावलाच्या पाचपट अंतर जाते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि कार्य फुकट वाढत नाही. तेव्हा अंतर पाचपट झाले, तर चाक रस्त्याला मागे ढकलते ते बल पावलाच्या बलाच्या एक-पंचमांश होणारच. सपाट रस्त्यावर हा सौदा आपल्याला परवडतो. चढावर परवडत नाही, म्हणून आपण सायकलीवरून उतरतो. गिअरची सायकल असलेला मुलगा उतरत नाही. तो मागच्या मोठ्या चक्रावर साखळी घेतो, पाय भराभर मारतो आणि हळूहळू वर चढतो. त्याच्या पायांत जादा ताकद आलेली नसते. त्याने फक्त अंतर देऊन बल विकत घेतलेले असते.

मोटारीचा गिअरबॉक्स हाच व्यवहार करतो. पण इंजिनाची एक अडचण आपल्या पायांना नसते. आपण थांबलेल्या पायडलावरही उभे राहून जोर लावू शकतो. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन थांबलेल्या स्थितीत काहीच बल देऊ शकत नाही. मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या खाली ते धक्के खात बंद पडते आणि लहान मोटारीच्या पेट्रोल इंजिनाची वरची मर्यादा ६००० फेऱ्यांच्या आसपास असते. म्हणजे इंजिनाच्या वेगाचा आवाका जेमतेम सातपट. आता चाकाकडे पाहू. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ १.७ मीटर धरला, तर ताशी ५ किलोमीटर वेगाला ते मिनिटाला ४९ फेरे घेते आणि ताशी १०० किलोमीटरला ९८०. हा आवाका वीसपट आहे, आणि थांबलेल्या गाडीचा शून्य वेग यात धरलेलाच नाही. सातपटीचे टोक वीसपटीला बांधायचे तर मधल्या जोडणीचे प्रमाण बदलता आले पाहिजे, आणि शून्यापाशी काही काळ घसरणारी जोडणी हवी. पहिले काम गिअरबॉक्सचे, दुसरे क्लचचे. आजवर निघालेले ट्रान्समिशनचे सगळे प्रकार ही दोन कामे करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

थोडे आकडे

एका लहान मोटारीला शोभतील असे गोल आकडे घेऊ. चार गिअरांची प्रमाणे ३.६, २.२, १.३ आणि ०.९. त्यापुढे चाकांजवळ आणखी एक कायमची जोडी असते, तिचे प्रमाण ४.३. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी इंजिनाला पहिल्या गिअरात १५.५, दुसऱ्यात ९.५, तिसऱ्यात ५.६ आणि चौथ्यात ३.९ फेरे घ्यावे लागतात. इंजिन ६० न्यूटन-मीटर एवढे आघूर्ण देते असे समजा. (फिरवणाऱ्या बलाच्या या परिणामाला कारखान्यात आणि गॅरेजात टॉर्क म्हणतात.) चाकाची त्रिज्या ०.२७ मीटर आहे. चौथ्या गिअरात चाकापाशी आघूर्ण ६० गुणिले ३.९ होते. त्याला त्रिज्येने भागले की रस्त्यावर लागणारे बल मिळते : सुमारे ८६० न्यूटन. तिसऱ्या गिअरात तेच १२४० न्यूटन आणि पहिल्यात ३४४० न्यूटन भरते.

माणसांसह ९०० किलोग्रॅमची ही गाडी दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्याला लागली. गुरुत्वाकर्षण तिला मागे ओढते ते बल सुमारे ८८० न्यूटन. टायर दबत-फुगत फिरण्यातला विरोध ११५ न्यूटनांच्या आसपास. बेरीज हजाराला टेकली. चौथ्या गिअरातले ८६० न्यूटन येथे पुरत नाहीत, गाडी मंद होत जाणार. तिसऱ्यात पुरतात. हवेचा विरोध आणि दातेरी चाकांतले घर्षण मी सोडून दिले आहे. ते धरले तरी निष्कर्ष बदलत नाही.

आता शक्तीचा हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ६० न्यूटन-मीटरला त्याची शक्ती सुमारे १८.९ किलोवॅट होते. या फेऱ्यांना गाडीचा वेग चौथ्या गिअरात ताशी ७९ किलोमीटर (सेकंदाला २२ मीटर), तिसऱ्यात ताशी ५५ (१५.२ मीटर) आणि पहिल्यात ताशी २० (५.५ मीटर). प्रत्येक गिअरात बलाला वेगाने गुणून पाहा. उत्तर तिन्ही वेळा १८.९ किलोवॅटच येईल. फळ्यावर हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. गिअर शक्ती निर्माण करत नाही, हे वाक्य दहा वेळा सांगण्यापेक्षा तीन गुणाकार बरे.

पण 'ताकद वाढते' म्हणणारा विद्यार्थी अगदीच चुकला आहे काय? समजा, गाडी याच चढावर चौथ्या गिअरात ताशी ५५ किलोमीटरने चालली आहे. तेव्हा इंजिन मिनिटाला जेमतेम २०९० फेरे घेत असते आणि तेवढ्याच आघूर्णाला त्याची शक्ती १३ किलोवॅट भरते. चढाला मात्र हजार न्यूटन गुणिले १५.२, म्हणजे १५ किलोवॅट हवेत. तिसरा गिअर टाकताच रस्त्यावरचा वेग तोच राहून इंजिन ३००० फेऱ्यांवर जाते आणि १८.९ किलोवॅट देऊ लागते. जादा शक्ती गिअरबॉक्सने दिली नाही. ती इंजिनाने, जास्त इंधन जाळून दिली. गिअरबॉक्सने इंजिनाला ती देता येईल अशा वेगावर नेऊन बसवले, एवढेच. एस.टी.च्या इंजिनाचा आवाज चढतो तो यामुळे.

दाते न सरकवणारी पेटी

अनेक पुस्तकांत गिअरबॉक्सची जी आकृती दिसते, तीत दातेरी चाके दांड्यावर सरकून एकमेकांत अडकतात. एमिल लव्हासोर आणि रने पानार यांच्या फ्रेंच गाड्यांमध्ये १८९०च्या दशकात अशीच रचना होती. फिरत्या चाकाचे दाते दुसऱ्या फिरत्या चाकाच्या दात्यांत घुसवताना होणारा कर्कश आवाज त्या काळच्या मोटारवाल्यांना नित्याचा होता. आजच्या हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सर्व गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतले एक चाक दांड्यावर मोकळे फिरत असते. आपण दांडा हलवतो तेव्हा एक खाचांचे कडे सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला दांड्याशी जखडते. एका वेळी एकच चाक जखडलेले असते, बाकीची आपापल्या वेगाने नुसती फिरत राहतात.

तरीही जखडण्यापूर्वी चाकाचा आणि दांड्याचा वेग सारखा व्हायला हवा. जुन्या ट्रकांचे चालक त्यासाठी 'डबल क्लच' मारत : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवणे, पुन्हा क्लच दाबून गिअर. कानावर चालणारे हे कसब होते. १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत अर्ल थॉम्पसन यांनी बसवलेल्या सिंक्रोमेश रचनेने ते काम पितळी शंकूवर सोपवले. खाचा अडकण्याआधी एक शंकू दुसऱ्या शंकूवर घासतो, घर्षणाने वेग सारखे होतात आणि मगच कडे पुढे सरकते. घर्षणाला आपण वर्गात बहुधा खलनायक ठरवतो, तेव्हा त्याच्या बाजूने द्यायला हे एक चांगले उदाहरण आहे.

बऱ्याच मोटारींत रिव्हर्स गिअर मात्र अजून जुन्या पद्धतीचा, सरळ दात्यांचा आणि सरकणारा असतो. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात, त्यामुळे एक दाता हळूहळू भार घेतो आणि सोडतो. सरळ दाता पूर्ण रुंदीने एकदम भार घेतो. गाडी मागे घेताना येणारा 'ऊंऽऽ' असा आवाज त्याचाच.

तेलातून जाणारे बल

क्लचचे पायडल नको असेल तर? दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, दुसऱ्याची वायर भिंतीपासून काढून ठेवा. सुरू पंख्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. त्याचे पाते पेन्सिलीने अडवले तरी पहिला बंद पडत नाही. हवेऐवजी तेल घ्या, पंखे एका बंद भांड्यात जवळजवळ आणा, की इंजिन आणि चाक यांच्यामधली घसरणारी जोडणी तयार झाली. हेरमान फ्यॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा मंद फिरवावा लागतो, या पेचातून त्याला वाट काढायची होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नुसते दोन पंखे आघूर्ण वाढवू शकत नाहीत. जेवढे आघूर्ण पहिल्याने तेलाला दिले, तेवढेच तेल दुसऱ्याला देते, कारण भांड्यात प्रतिक्रिया सोसायला तिसरे कोणी नाही. म्हणून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोघांच्या मधे तिसरा, गाडीच्या सांगाड्याशी बांधलेला पंखा असतो. दुसऱ्या पंख्यातून परतणारे तेल तो योग्य दिशेला वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया सांगाडा सोसतो. गाडी सुटण्याच्या क्षणी आघूर्ण यामुळे दुपटीच्या आसपास किंवा थोडे अधिक वाढू शकते. हाच न्याय दातेरी चाकांच्या पेटीलाही लागू आहे. आत ६० न्यूटन-मीटर जातात आणि बाहेर २१६ पडतात, तर मधल्या फरकाचा पीळ पेटीच्या कवचावर येतो. गिअरबॉक्स जाड बोल्टांनी का बांधलेला असतो, याचे उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे.

अमेरिकेत ओल्ड्समोबाईलने १९३९ साली १९४० च्या मॉडेलसाठी आणलेल्या हायड्रामॅटिकमध्ये दोन पंख्यांची साधी जोडणी आणि तिच्यामागे आपोआप बदलणारे चार गिअर होते. टॉर्क कन्व्हर्टर असलेली ब्यूकची डायनाफ्लो १९४८ मध्ये आली. या स्वयंचलित पेट्यांमध्ये चाके वेगळ्या रचनेची असतात : मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले कडे. यांतले कोणते धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे, यावर प्रमाण ठरते. धरण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे छोटे क्लच करतात, त्यामुळे चाकांकडे जाणारी शक्ती खंडित न होता गिअर बदलतो. दोष एवढाच की, तेल घुसळण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाडीने वेग घेतल्यावर दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकण्याची सोय नंतर सर्वत्र झाली आणि हा तोटा पुष्कळ कमी झाला.

स्कूटरमधला पट्टा

आपल्याकडे बिनगिअरचे वाहन घरोघरी पोहोचले ते मोटारीमुळे नव्हे. बजाज चेतकसारख्या स्कूटरवर डाव्या मुठीने गिअर पिळायची सवय झालेल्या लोकांपुढे १९८४ साली किनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते असे सगळे म्हणत. खरे तर तिला अगणित गिअर होते. आजच्या साऱ्या पेट्रोल स्कूटरांत तीच रचना आहे.

दोन कप्प्या आणि त्यांवरून जाणारा व्ही आकाराचा रबरी पट्टा. प्रत्येक कप्पी दोन शंकूंची, तळाकडून नव्हे तर टोकाकडून समोरासमोर ठेवलेली. शंकू जवळ आले की पट्टा बाहेरच्या मोठ्या त्रिज्येवर चढतो, दूर गेले की आत उतरतो. पुढच्या कप्पीत एका शंकूमागे वजनदार गोळे असतात. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि शंकूला दाबतात. पुढची त्रिज्या वाढते. पट्ट्याची लांबी तेवढीच असल्याने तो मागच्या कप्पीचे शंकू स्प्रिंगविरुद्ध दूर सारून आत उतरतो. प्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सरकते, त्यात पायऱ्या नसतात. मागे एक क्लच असतो, तोही वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांवरच चालतो. ना संगणक, ना तेलाचा पंप. एखाद्या गॅरेजवाल्याने डाव्या बाजूचे झाकण काढून स्कूटर स्टँडवर चालवून दाखवली, तर मुलांना (हात आणि कपडे दूर ठेवून) पट्टा चढताना-उतरताना स्वच्छ दिसतो. मला स्वतःला सगळ्या गिअरबॉक्सांत हा सर्वांत देखणा वाटतो.

मोटारीत ही कल्पना १९५८ साली डाफ ६०० या डच गाडीने आणली. हुब फान डोर्ने यांची ही रचना. तिला वेगळा रिव्हर्स गिअर नव्हता, फक्त दिशा उलटवण्याची सोय होती, त्यामुळे ती गाडी मागेही पुढच्याइतक्याच वेगाने धावू शकत असे. मोठ्या इंजिनाचे आघूर्ण रबराला पेलत नाही, म्हणून पुढे पोलादी चकत्यांचा पट्टा निघाला. तो ओढून नव्हे, तर चकत्या एकमेकींना ढकलत शक्ती नेतो. पट्टा निसटू नये म्हणून शंकू फार दाबून धरावे लागतात आणि त्यात ऊर्जा जाते. दातेरी चाकांच्या एका जोडीची कार्यक्षमता ९७-९८ टक्के असते. पट्ट्याला तेवढी गाठता येत नाही. ही उणीव तो दुसरीकडे भरून काढतो, कारण इंजिनाला त्याच्या सर्वांत फायद्याच्या वेगावर तो धरून ठेवू शकतो.

आणखी दोन प्रकार थोडक्यात. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त स्वयंचलित गाडी आली. तिच्यातली पेटी नेहमीची, हाताने बदलायचीच आहे. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात यांची जागा संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे. गिअर बदलताना क्षणभर शक्ती तुटते आणि मान किंचित पुढे जाते, ती यामुळे. दुसरा प्रकार दोन क्लचांचा. विषम गिअर एका दांड्यावर, सम दुसऱ्यावर. तिसरा चालू असतानाच चौथा जखडून तयार ठेवलेला असतो. मग एक क्लच सोडत सोडत दुसरा धरायचा. फ्रान्सच्या आडॉल्फ केग्रेस यांना हे १९३९ च्या सुमारास सुचले होते, पण सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत ते २००३ मध्ये फोक्सवॅगनने आणले.

घाट उतरताना

गिअरचा खरा कस चढावर लागतो असे आपण समजतो. माझ्या मते तो उतारावर लागतो, आणि सहलीला मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना हा भाग माहीत असायला हवा.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, खोपोली सुमारे ६० मीटर. २५ टनांचा भरलेला ट्रक बोरघाटातून ५०० मीटर खाली उतरला असे धरू. त्याची स्थितिज ऊर्जा २५,००० गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे सुमारे १२२ मेगाज्यूलने कमी होते. वेग कायम ठेवायचा तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. टायर आणि हवा यांचा वाटा सोडून १०० मेगाज्यूल ब्रेकवर पडले, तर तेवढ्या उष्णतेत ३०० लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ब्रेकच्या ड्रमांचे लोखंड ३०० किलोग्रॅम धरले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर ते ७०० अंशांहून अधिक तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, पण उतार लांब असला तर यातली पुरेशी आत उरते. तापलेल्या लायनरचा घर्षणांक घटतो, ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, आणि चालकाने जितके जास्त दाबावे तितके ब्रेक कमी लागतात.

इंजिन हा दुसरा ब्रेक आहे आणि तो तापून निकामी होत नाही, कारण त्याला रेडिएटर असतो. अॅक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला फिरवतात. घर्षण आणि हवा खेचण्या-ढकलण्यात ऊर्जा खर्च होते. आपल्या लहान मोटारीत हे विरोधी आघूर्ण १५ न्यूटन-मीटर समजा. गिअर त्यालाही गुणतो! चौथ्या गिअरात चाकापाशी २१५ न्यूटनांचा रोध मिळतो, दुसऱ्यात ५२५ न्यूटनांचा. मघाच्याच उतारावर गाडीला पुढे ओढणारे निव्वळ बल ७६५ न्यूटन आहे. म्हणजे दुसऱ्या गिअरात ब्रेकवर २४० न्यूटनांचा भार राहतो, चौथ्यात ५५० चा आणि न्यूट्रलमध्ये सगळाच्या सगळा ७६५ चा. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा, असे जुने चालक सांगतात त्याचे गणित हे. डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप सहसा नसते, त्यामुळे हा रोध कमी पडतो. म्हणून जड वाहनांत धूर बाहेर जाण्याची वाट अर्धवट बंद करणारा एक्झॉस्ट ब्रेक देतात.

असे असूनही घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक आहेत, आणि त्यांचे कारण एकच : इंधनाची बचत. कार्ब्युरेटरच्या जमान्यात पेट्रोलच्या गाडीपुरते त्यात थोडे तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधन बंदच होते, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असते. डिझेलच्या पंपाचा गव्हर्नर तर हे पूर्वीपासून करत आला आहे. न्यूट्रल केले की उलट इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी थोडे थोडे इंधन जळत राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला ती बचतही होत नाही. इंजिनच बंद केले तर हवेच्या ब्रेकची टाकी भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. आणि एकदा वेग हाताबाहेर गेला की खालचा गिअर पुन्हा पडत नाही. सिंक्रोमेशच्या शंकूंना एवढा फरक मिटवता येत नाही.

स्वयंचलित मोटारीत यासाठी गिअर खालीच धरून ठेवण्याची जागा दांड्यावर दिलेली असते, तिचा उपयोग बरेच जण कधीच करत नाहीत. स्कूटरवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. उतारावर वेग फार कमी झाला आणि इंजिन मंदावले, की मागचा क्लच आपोआप सुटतो आणि स्कूटर मोकळी धावू लागते. तेव्हा तिच्यावर फक्त ब्रेकचा ताबा असतो.

विजेच्या गाडीने हा सारा विषयच पालटून टाकला आहे. मोटर थांबलेली असतानाही पूर्ण आघूर्ण देते आणि मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेऊ शकते. तेव्हा क्लच नको आणि बदलते प्रमाणही नको. दातेरी चाकांची एक कायमची जोडणी पुरते. रिव्हर्स गिअरही लागत नाही, मोटर उलटी फिरवली की झाले. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीत असा एकच गिअर आहे. अपवाद म्हणून पोर्शेच्या २०१९ च्या टायकानमध्ये मागच्या चाकांसाठी दोन गिअर ठेवले आहेत, कारण तिला अतिवेग हवा होता.

उतारावर हीच मोटर जनित्र होते आणि गाडीची स्थितिज ऊर्जा बॅटरीत परत भरते. वरच्या ट्रकचे १२२ मेगाज्यूल म्हणजे ३४ युनिट वीज. २०२० च्या त्या नेक्सॉनची अख्खी बॅटरी ३०.२ युनिटांची होती, यावरून मुलांना अंदाज येईल. अर्थात सगळी वीज परत मिळत नाही, आणि भरलेल्या बॅटरीत आणखी भरताही येत नाही. म्हणून विजेच्या गाडीलाही घर्षणाचे ब्रेक ठेवावेच लागतात, आणि लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरायला निघालेल्या माणसाला पहिल्या काही वळणांवर त्यांचाच आधार घ्यावा लागतो.